गिटारीची पाठ आणि तिच्यावरील चिठ्ठी

जुना कागद हातीं आला म्हणजे आपल्यापैकीं बहुतेकांचा हात प्रथम तो उलटा करून पाहण्याकडे जातो. पुढच्या अंगावर मायना, मजकूर व शिक्का असतो. तो सर्वांस दिसतो, आणि सर्वांस दिसतो म्हणूनच बनावट करणाराही आपलें सारें कसब तेथेंच खर्ची घालतो. पाठीवर मात्र दप्तरांत नोंद झाल्याची 'बार' वगैरे खूण, कागदाच्या दोन बंदांच्या जोडावर उमटविलेला शिक्का, क्वचित् मागाहून कोणी लिहिलेली टीप असे बारीकसारीक पुरावे असतात. सनद खरी कीं खोटी याचा निकाल पुष्कळदां या पाठीवरच लागतो. प्रस्तुत लेखांत ज्या पाठीचा विचार करावयाचा आहे ती कागदाची नसून लांकडाची आहे, आणि तें लांकूड गिटार या पाश्चात्य तंतुवाद्याचें आहे. विषय परका वाटला तरी त्यांतील प्रश्न आपल्या नित्य परिचयाचा आहे, म्हणून या त्रैमासिकाच्या वाचकांपुढें तो ठेवण्यास संकोच वाटत नाहीं.

प्रश्न असा. हातानें घडविलेल्या गिटारीची पाठ सदोष निघाली, ती काढून तिच्या जागीं नवी बसविली, तर तें वाद्य पूर्वीचेंच राहिलें काय? वादक म्हणतो, आवाज तोच आहे, मग वाद्यही तेंच. कारागीर म्हणतो, जें बिघडलें तें बदललें, धंद्याची रीतच ती. संग्राहक म्हणतो, आतां त्याची किंमत निम्मीही उरली नाहीं. तिघांच्याही म्हणण्यांत तथ्य आहे. पण त्यांच्या वादांत जी वस्तु बहुधा हरवते, ती म्हणजे त्या पाठीच्या आंतल्या अंगास चिकटविलेला चार बोटांचा कागद. इतिहासाच्या दृष्टीनें सर्व खटला त्या कागदाचा आहे.

वाद्याची रचना थोडक्यांत सांगितली पाहिजे. आपल्या तंबोऱ्यास पुढें लांकडी तबली व मागें भोपळा असतो. गिटारीसही पुढें तबलीच असते. मागें मात्र भोपळ्याच्या जागीं, किंचित् फुगीर पण बहुतांशीं सपाट अशी दुसरी फळी असते. हीच पाठ. तबली व पाठ यांच्यामध्यें तापल्या लोखंडावर वांकविलेल्या दोन पातळ पट्ट्या उभ्या असतात, त्यांस आपण कडा म्हणूं. तबली स्प्रूसची, म्हणजे देवदाराच्या कुळांतील हलक्या व सरळ रेषांच्या लांकडाची करितात. पाठ व कडा शिसव, मेपल, सायप्रस अशा लांकडांच्या असतात. पाठीचीं दोन अर्धें एकाच फळीचे पातळ चीर काढून, पोथीचीं पानें उलगडावीं तशीं उलगडून मधोमध सांधलेलीं असतात, त्यामुळें डाव्या अंगाची रेषा उजव्या अंगाच्या रेषेचें प्रतिबिंब दिसते. जाडी सुमारें अडीच मिलिमीटर. एवढ्या पातळ फळीस स्वतःचा ताठपणा पुरत नाहीं, म्हणून आंतून तीन-चार आडव्या पट्ट्या सरसानें बसवितात.

स्पॅनिश रीतींत बांधणी पुढून मागें जाते. तबली पालथी घालून तिला दांडी जोडितात, मग कडा उभ्या करितात, आणि सर्वांत शेवटीं पाठ बसवून पोट बंद करितात. जी फळी शेवटीं बसते तीच पहिल्यानें काढतां येते. म्हणून आंत कोणतीही मोठी दुरुस्ती करावयाची झाली कीं पाठीवर गदा येते. आणि याच पाठीच्या आंतल्या अंगास, तबलीच्या भोंकांतून वाचतां येईल अशा ठिकाणीं, कर्ता आपली चिठ्ठी लावितो. तीवर नांव, गांव, रस्ता व साल. पोथीची पुष्पिका शेवटच्या पानावर असते, आणि शेवटचें पान हेंच सर्वांत आधीं झिजतें व गळतें, हें दुर्दैव आपणांस ठाऊक आहे. गिटारीच्या कर्त्यांनींही आपली पुष्पिका नेमकी त्याच जागीं लिहून ठेविली.

या विषयांत ज्याचें नांव प्रथम घ्यावें लागतें तो अंतोनियो दे तोर्रेस इ. स. १८१७ सालीं दक्षिण स्पेनमधील आल्मेरिया शहराजवळ जन्मला व १८९२ सालीं आल्मेरियासच वारला. मूळचा तो सुतार. इ. स. १८५० नंतर सेव्हिल शहरांत त्यानें गिटारी बांधल्या, आणि त्या इतक्या मान्य झाल्या कीं, आज जिला अभिजात गिटार म्हणतात तिचा आकार, तारेची लांबी व तबलीखालील पंख्यासारखी पट्ट्यांची मांडणी हीं बहुतांशीं त्याच्या हातून स्थिर झालीं असें मानितात. मध्यंतरीं कांहीं वर्षें त्यानें हा धंदा सोडिला व १८७५ पासून आल्मेरियास पुन्हां आरंभिला. या उत्तरकाळांतील चिठ्ठ्यांवर 'दुसरा काळ' अशा अर्थाची नोंद व वाद्याचा अनुक्रमांक आढळतो. त्याचें चरित्र व त्याच्या वाद्यांची यादी होसे रोमानिलोस या अभ्यासकानें इ. स. १९८७ सालीं प्रसिद्ध केली. रोमानिलोस स्वतः गिटारी बांधणारा. दप्तर धुंडाळणारा मनुष्य व रंधा चालविणारा मनुष्य एकच असणें हा योग दुर्मिळ आहे, आणि त्या ग्रंथाचें वजन मुख्यतः त्यामुळेंच आहे.

तोर्रेसनें इ. स. १८६२ सालीं एक विलक्षण वाद्य केलें. त्याची तबली नेहमींप्रमाणें लांकडाची. पण पाठ व कडा सर्व कागदाच्या पुठ्ठ्याच्या. हें वाद्य बार्सेलोना येथील संगीत-संग्रहालयांत आहे. नाद तबलींतून निघतो, पाठ केवळ पोट बंद करण्यापुरती, हें दाखविण्याकरितां त्यानें हा खटाटोप केला असें सांगतात, आणि तेव्हांपासून पाठीस गौण मानणाऱ्या प्रत्येकानें या पुठ्ठ्याच्या गिटारीचा दाखला दिला आहे. दाखला चांगला आहे. परंतु त्यावरून काढलेलें अनुमान जरा लांब ताणलें जातें असें मला वाटतें. तबली प्रधान आहे इतकें त्या प्रयोगानें दिसलें. पाठ कशीही चालेल, असें खुद्द तोर्रेसचें मत असतें, तर पुढील आयुष्यांत त्यानें शिसव, मेपल व सायप्रस निवडून, घासून, सांधून पाठी करण्याचे कष्ट कां घेतले असते?

आतां अलीकडचा पुरावा पाहूं. इंग्लंडांतील लँकेस्टर विश्वविद्यालयाच्या संशोधकांनीं इ. स. २०१८ सालीं एक परीक्षा प्रसिद्ध केली. एकाच कारागिराकडून सहा गिटारी करविल्या. सर्व बाबतींत शक्य तितक्या सारख्या, फक्त पाठ व कडा यांचें लांकूड निरनिराळें. ब्राझिलची शिसव, हिंदुस्थानची शिसव, महोगनी, मेपल, सपेली व अक्रोड. मग बावन्न वादकांस अंधाऱ्या खोलींत, लोखंड जोडणाऱ्या कामगारांचे काळे चष्मे लावून, त्या वाजविण्यास दिल्या. डोळे झांकल्यावर वादकांनीं सर्वांस जवळजवळ सारखेच गुण दिले. महाग लांकूड कोणतें व स्वस्त कोणतें याचा मेळ त्या गुणांशीं बसेना. या वाद्यांस पोलादी तारा होत्या, तोर्रेसच्या वाद्यांस आंतड्याच्या. तेव्हां एकावरून दुसऱ्याचा निवाडा सर्वस्वीं होत नाहीं हें खरें. तरी नादाच्या न्यायालयांत पाठीचा पक्ष दुबळा आहे, हें मान्य करणें भाग आहे. कारागीर बिघडलेली पाठ निःशंकपणें काढितो, याचें कारण हेंच.

पाठ बिघडते कशी? लांकूड हवेंतील ओल घेतें व सोडितें. ओल गेली म्हणजे तें रेषेच्या आडव्या दिशेनें आक्रसतें, लांबीच्या दिशेनें फारसें नाहीं. पाठीवरील पट्ट्या तर आडव्याच चिकटविलेल्या. म्हणजे फळी ज्या दिशेनें आक्रसूं पाहते त्याच दिशेस पट्टी तिला अडवून धरिते, आणि ओढाताणींत फळी तडकते किंवा मधला सांधा उकलतो. थंड देशांत हिवाळ्यांत घरें तापविल्यामुळें हें घडतें. आपल्याकडे कोंकणांतून देशावर आणलेल्या पेटीचें झांकण चैत्र-वैशाखांत कसें फुटतें हें ज्यानें पाहिलें आहे, त्यास अधिक सांगणें नको. नुसता तडा असेल तर त्यांत सरस भरून, आंतून लहान ठिगळें लावून काम भागतें, आणि शहाणा कारागीर तेवढ्यावरच थांबतो. पण लांकूड मुळांत पुरतें वाळलेलें नसेल व पिळवटलें असेल, भुंगेऱ्यानें आंतून पोखरलें असेल, एखादा तुकडाच नाहींसा झाला असेल, किंवा पूर्वींच्या दुरुस्तीवाल्यानें न विरघळणाऱ्या अर्वाचीन गोंदानें सर्व बरबटून ठेविलें असेल, तर पाठ बदलण्यावांचून गत्यंतर राहत नाहीं.

पाठ काढण्याचें काम उतावळ्या माणसाचें नव्हे. प्रथम कडेवरील शोभेची किनार ऊन पात्यानें सोडवावी लागते. मग सरसाचा सांधा. जुना सरस जनावरांच्या कातड्याहाडांपासून केलेला. ऊब व ओल मिळाली कीं तो मऊ पडतो, आणि हाच त्याचा मोठा गुण आहे. बोथट पातळ पातें तापवून, थेंबभर पाण्यासह, बोट-दोन बोटें सरकवीत सबंध घेर फिरावें लागतें. घाई केली तर पातें सांधा सोडून लांकडाच्या रेषेंत शिरतें आणि कडेचा लांबच लांब टवका उडतो. आडव्या पट्ट्यांचीं टोंकें कडेच्या आंतील पट्टींत खांचा करून बसविलेलीं असतात, तीं एकेक मोकळीं करावीं लागतात. दांडीचा बुंधा आंत पायासारखा शिरलेला असतो व पाठ त्यावरही चिकटलेली असते. तेथें चूक झाली तर दांडीचा कल बदलतो आणि तारा पडद्यांपासून उंच जातात.

पाठ निघाली कीं कडा मोकळ्या होतात, आणि वर्षानुवर्षें दाबून धरलेलें लांकूड स्वतःच्या मनाप्रमाणें आंत-बाहेर सरकूं लागतें. म्हणून आधींच बाहेरून आकाराचा साचा लावून ठेवावा लागतो. त्या वेळीं वाद्याचें पोट उघडें पडलेलें असतें. कर्त्याच्या पेन्सिलीच्या रेघा, पटाशीच्या खुणा, सांध्यावर चिकटविलेल्या कागदाच्या पट्ट्या, पूर्वींच्या दुरुस्तीवाल्यानें कोपऱ्यांत लिहिलेलें साल हें सर्व तेव्हां दिसतें, आणि पाठ पुन्हां बसल्यावर दोन पिढ्या कोणास दिसत नाहीं. या घटकेचें टांचण न करणारा कारागीर आणि दप्तराचा रुमाल सोडून मोजदाद न करितां पुन्हां बांधणारा कारकून यांत मी फरक मानीत नाहीं.

नवी पाठ करितांना चांगलें वाळलेलें लांकूड चिरून दोन अर्धें सांधितात, रंध्यानें व तासणीनें योग्य जाडीस आणितात, फुगीरपणापुरता बांक दिलेल्या आडव्या पट्ट्या लावितात, आणि त्या पट्ट्यांचीं टोंकें जुन्या खांचांत बसतीं करून पाठ सरसानें चिकटवून शिकंजे आंवळितात. बाहेर राहिलेलें लांकूड कापून किनार पूर्ववत् बसविली कीं राहतें रोगण. तोर्रेसच्या काळीं युरोपांतील कारागीर जी लाख स्पिरिटांत विरघळवून बोळ्यानें घासून लावीत, ती प्रायः हिंदुस्थानांतून जात असे.

येथवर सर्व ठीक. यापुढें कारागिराच्या हातीं जुन्या पाठीवरील चिठ्ठी राहते, आणि खरा प्रसंग येथें उत्पन्न होतो. ती तो ओलवून अलगद काढितो व नव्या पाठीवर त्याच जागीं चिकटवितो. बहुतेक वेळां यांत कपट नसतें. गिऱ्हाइकाची इच्छा असते कीं भोंकांतून पाहिल्यावर नांव दिसावें. कारागिरासही मूळ कर्त्याचा मान राखावासा वाटतो. परंतु त्या क्षणीं चिठ्ठी साक्ष देण्याचें सोडून खोटें बोलूं लागते. ज्या फळीवर ती बसली आहे ती फळी त्या कर्त्यानें पाहिलीही नव्हती. तीस-चाळीस वर्षांनीं कारागीर व गिऱ्हाईक दोघेही गेल्यावर, वाद्य विकत घेणारास हें सांगणारा कोणी उरत नाहीं; आणि चिठ्ठी एकदां हलूं शकते म्हटल्यावर ती वाटेल त्या वाद्यांत हलूं शकते. तोर्रेसच्या नांवाच्या बनावट चिठ्ठ्या लावलेल्या गिटारी बाजारांत आलेल्या आहेत, हें संग्राहकांस ठाऊक आहे. प्रामाणिक स्थलांतर व लबाड स्थलांतर यांच्या खुणा एकच दिसतात, म्हणून प्रामाणिक माणसानें विशेष जपावें लागतें.

खुणा मुळींच नसतात असें नाहीं. पोथींत कसरीचें भोंक एका पानांतून पुढच्या पानांत सरळ उतरत जातें. मध्येंच एक पान कोरें, अभंग आढळलें तर तें मागाहून घातलेलें, हें आपण सहज ओळखतों. वाद्यांतही तसेंच आहे. कडांच्या आंतल्या अंगाचें लांकूड काळपटलेलें व पाठीचें आंतलें अंग उजळ असल्यास संशय घ्यावा. आडव्या पट्टीच्या जुन्या खांचा बुजवून शेजारीं नव्या पाडलेल्या दिसल्या तर संशय दृढ होतो. चिठ्ठीच्या कडा कुरतडलेल्या, सुरकुतलेल्या व तिच्याखालीं नवा गोंद असला तर बहुधा निकाल झालाच. अतिनील किरणांच्या दिव्याखालीं लाखेचें रोगण नारिंगी चमकतें. पाठ व कडा यांची चमक निरनिराळी आली तर दोहोंचें रोगण वेगळें. मात्र कसलेला कारागीर यांपैकीं प्रत्येक खूण झांकूं शकतो.

आणि पाठीच्या बाबतींत एक अडचण अधिक आहे. तबलीचें स्प्रूस थंड प्रदेशांत वाढतें, त्याच्या वर्षावर्षाच्या रेषा स्पष्ट असतात, व त्यांच्या रुंदीचा क्रम ज्ञात कालक्रमाशीं ताडून शेवटच्या रेषेचें साल काढतां येतें. ऑक्सफर्ड येथें असलेल्या स्त्रादिवारीच्या 'मेसाया' नांवाच्या व्हायोलिनवर १७१६ सालाची चिठ्ठी आहे. त्याच्या खरेपणाविषयीं शंका निघाली तेव्हां तबलीच्या रेषा मोजून शेवटची रेषा १६८२ ची ठरविण्यांत आली. एवढ्यानें कर्ता सिद्ध होत नाहीं. पण लांकूड चिठ्ठीच्या सालाआधींचें आहे, एकोणिसाव्या शतकांतील नकलेचें नव्हे, इतकें दिसतें. शिसवीसारख्या उष्ण प्रदेशांतील लांकडाच्या रेषांवरून असा काल काढण्याची सोय नाहीं. म्हणजे तबली आपलें वय स्वतः सांगूं शकते. पाठ सांगूं शकत नाहीं, तिचें वय सांगणारी फक्त ती चिठ्ठी. आणि चिठ्ठी तर हलते.

ही गोष्ट एका अमेरिकन कारखान्याच्या इतिहासावरून चांगली कळते. सी. एफ्. मार्टिन हा जर्मन कारागीर इ. स. १८३३ सालीं न्यूयॉर्कला गेला व कांहीं वर्षांनीं पेन्सिल्व्हेनियांतील नाझरेथ येथें स्थायिक झाला. त्याच्या घराण्याच्या एकोणिसाव्या शतकांतील गिटारींवर क्रमांक नाहीं. पाठीच्या मधल्या सांध्यावरील पट्टीवर नांवाचा ठसा, हीच मुख्य ओळख. अर्थात् पाठ गेली कीं ओळख गेली. इ. स. १८९८ पासून या कारखान्यानें आंतून दांडीच्या बुंध्यावरील ठोकळ्यांत अनुक्रमांक ठोकण्यास आरंभ केला. पूर्वीं केलेल्या वाद्यांचा अंदाज धरून पहिला आंकडा ८००० घेतला. तेव्हांपासूनच्या वाद्याची पाठ बदलली तरी क्रमांक जागेवर राहतो. हेतु हिशेबाचा असेल, परंतु इतिहासाभ्यासकांवर त्या व्यापाऱ्याचे उपकार आहेत.

पूर्वींच्या काळीं जुन्या वाद्याविषयीं असली ममता नव्हतीच. फ्रान्समधील व्हर्साय येथें बातों नांवाच्या कारागिरानें इ. स. १७१६ च्या सुमारास, लोकांनीं टाकून दिलेल्या जुन्या गिटारी घेऊन त्यांच्या शरीरांवर चाकानें वाजणारें व्हिएल नांवाचें वाद्य बसविण्यास सुरुवात केली, असें तेर्रासों या ग्रंथकारानें १७४१ सालीं लिहून ठेविलें आहे. सुंदर जुन्या गिटारी अशा रीतीनें दुसऱ्याच वाद्यांच्या पोटांत गेल्या. आज आपण हळहळतों. बातोंच्या दृष्टीनें तें उत्तम वाळलेलें लांकूड होतें.

दुरुस्तीस मी विरोध करीत नाहीं. फुटलेल्या पाठीचें वाद्य न वाजतां कांचेच्या कपाटांत पडून राहावें, असें म्हणणारा एक पक्ष आहे; तो संग्रहालयांतील एकमेवाद्वितीय वस्तूंपुरता खरा. वाजविण्याकरितां केलेलें वाद्य वाजलें पाहिजे. आक्षेप आहे तो मुक्यानें केलेल्या दुरुस्तीस. या बाबतींत आपल्याच वाङ्मयांतील एक थोर उदाहरण आठवतें. शके १२१२ च्या ज्ञानेश्वरींत नकलकारांच्या हातून शिरलेले अपपाठ काढून एकनाथमहाराजांनीं शके १५०६ मध्यें शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि आपण हें काम केलें व अमुक सालीं केलें, असें ग्रंथाच्या अखेरीस स्वच्छ नमूद केलें. पाठशुद्धि हा शब्द येथें दोन्हीं अर्थांनीं लागू पडावा हा केवळ योगायोग. दुरुस्ती करणाऱ्यानें मूळ कर्त्याची पुष्पिका कायम ठेवून खालीं आपली स्वतंत्र पुष्पिका लिहावी, याहून चांगला कित्ता कोणता?

पण त्या कित्त्यांतही एक उणीव राहिली, आणि ती सांगण्यांत महाराजांचा अनादर होत नाहीं. त्यांनीं कोणते पाठ टाकिले, याची यादी ठेविली नाहीं. त्यामुळें नाथपूर्व ज्ञानेश्वरी कशी होती हा प्रश्न तीनशें वर्षांनंतरही उभा राहिला. राजवाड्यांनीं १९०९ सालीं जुनी प्रत म्हणून जी ज्ञानेश्वरी छापली, तिच्यावरून झालेला वाद वाचकांस माहीत आहेच. नव्यानें बसविलेलें जाहीर करणें हें अर्धें काम. काढून टाकलेलें जपून ठेवणें हें उरलेलें अर्धें. गिटारीच्या कारागिरांपैकीं पहिलें करणारे थोडे आहेत, दुसरें करणारे त्याहून थोडे.

एक भेद येथें ध्यानांत ठेवावा. कर्त्यानेंच आपल्या हयातींत, वाद्य गिऱ्हाइकास देण्यापूर्वीं अथवा नंतर, स्वतःच्या हातानें सदोष पाठ बदलली, तर ती ग्रंथकारानें स्वतः केलेल्या सुधारणेसारखी आहे. तीस परकी म्हणतां येत नाहीं. असें असूनही चिठ्ठीवर जुनेंच साल राहिल्यास घोटाळा होतोच, कारण लांकूड व साल यांची फारकत झालेली असते. कर्त्यास एका ओळीचें काम आहे. तें त्यानें करावें.

आणखी एक कारण अलीकडे उत्पन्न झालें आहे, तें कायद्याचें. जुन्या उत्तम गिटारींच्या पाठी पुष्कळदां ब्राझिलच्या शिसवीच्या असत. तो माल दुर्मिळ झाल्यावर इ. स. १९६९ च्या सुमारास मार्टिन कारखान्यानें आपल्या नेहमींच्या वाद्यांकरितां हिंदुस्थानची शिसव घेतली, आणि पुढें ब्राझिलच्या शिसवीची फुटलेली पाठ बदलतांनाही आपल्या सह्याद्रीच्या दक्षिण भागांत वाढणारी शिसव वापरण्याचा प्रघात पडला. वन्य जातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करारानें ब्राझिलची शिसव १९९२ सालीं सर्वांत कडक यादींत घातली. इ. स. २०१७ च्या आरंभापासून शिसवीचा सर्व वंशच दुसऱ्या यादींत आला. तयार वाद्यांस त्यांतून २०१९ च्या नोव्हेंबरांत सूट मिळाली, पण ब्राझिलच्या शिसवीस ती लागू नाहीं. यामुळें अशी गिटार देशाबाहेर नेतांना पाठीचें लांकूड कोणतें व तें १९९२ पूर्वींचें कीं नंतरचें, हें सिद्ध करावें लागतें. तेथें चिठ्ठीवरील साल पुरावा म्हणून पुढें येतें. पाठ मागाहून बदललेली असून चिठ्ठी जुनी असेल, तर मालक नकळत खोटा पुरावा सादर करितो.

ज्या संग्राहकांकडे असें वाद्य येईल त्यांनीं पाठ उघडण्यापूर्वीं व उघडल्यावर छायाचित्रें घ्यावीं, चिठ्ठी मूळ फळीवरच राहूं द्यावी, आणि नव्या पाठीवर, भोंकांतून दिसेल अशा जागीं, दुरुस्ती करणाऱ्याचें नांव, गांव, साल व वापरलेल्या लांकडाची जात लिहिलेली त्याचीच चिठ्ठी लावण्याचा आग्रह धरावा. मूळ चिठ्ठीचें छायाचित्र शेजारीं लावावयाचें असल्यास तें छायाचित्र आहे असें त्यावर लिहावें. काढलेली पाठ कारागीर बहुधा स्वतःकडे ठेवूं म्हणतो, कारण जुनें लांकूड त्यास इतर ठिगळांना उपयोगी पडतें. ती परत मागून घ्यावी. तिची लांबी सुमारें अर्धा मीटर. पोथीप्रमाणें दोन फळ्यांमध्यें घालून रुमालांत बांधली, तर फडताळाच्या एका कोपऱ्यांत मावते.